पुलाला नाव माजी सैनिकांचं द्यायचं, पण कोणाचं?

कोयनाकाठ: आमच्या गावच्या ओढ्यावर नवीन पूल झालाय, सातारा जिल्हा, त्यामुळं घरटी एक तरी फौजी. नाव सैनिकांचं द्यायचं यावर सगळे तयार पण एका शहिदाचं द्यावं की सगळ्यांचं यावरून दोन आळ्यांत बोलणं बंद आहे. काय करावं?

रिटायर्ड_सुभेदार: सगळ्यांचंच द्या. अपशिंगे मिलिटरीचं बघा, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान गेले, स्मारक सगळ्यांचं मिळून एकच आहे. आणि जे जिवंत परत आले त्यांनी काय कमी केलं का राव?

पुणेरी७७: असहमत. ‘सैनिक सेतू’ म्हटलं की चार दिवसांत लोक विसरतात, नाव असलं की पोरं विचारतात हा कोण. लडाखात श्योक नदीवर २०१९ मध्ये पूल झाला त्याला कर्नल चेवांग रिंचेन यांचं नाव दिलं, त्याच भागातला माणूस, दोनदा महावीर चक्र! बाकी मुंबईत कर्नाक पुलाचा २०२५ मध्ये सिंदूर पूल केला, तिथं तर माणसाचं नाव काढून मोहिमेचं दिलं. म्हणजे सगळेच प्रकार चालतात म्हणा.

सरपंचांचा_पुतण्या: आधी ग्रामसभेत ठराव घ्या आणि पूल झेडपीचा की पीडब्ल्यूडीचा ते बघा, नाहीतर बोर्ड लावाल आणि कागदावर काहीच नसेल.

कोयनाकाठ: पूल झेडपीचा आहे. नाव ‘सैनिक सेतू’ आणि कठड्यावर दगडात सगळ्यांची नावं, असं मांडून बघतो. आता क्रम कसा लावायचा यावर भांडतील 😀

रिटायर्ड_सुभेदार: भरतीच्या वर्षाप्रमाणे लावा. रँक नको.