ड्राइव्हवेत उभी गाडी आणि आरशाखालचं गराजचं बटण: प्रोग्रॅम करावं का?

मृण्मयी_फ्रिस्को

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या विभागात टाकू की घराच्या हे कळेना म्हणून वेगळा धागा काढतेय. आम्ही डॅलसजवळ फ्रिस्कोत राहतो, गराज दोन गाड्यांचं आहे पण अर्ध्या भागात नवऱ्याचं वर्कबेंच, सायकली आणि कॉस्टकोचं सामान, त्यामुळे माझी गाडी बारा महिने ड्राइव्हवेत. आत्ता एक सेकंडहँड एसयूव्ही घेतली, तिच्या आरशाखाली होमलिंकची, म्हणजे गाडीतूनच गराजचं दार उघडायची, तीन बटणं आहेत. प्रोग्रॅम करणारच होते, तेवढ्यात आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं की दोन गल्ल्या सोडून एकाच्या गाडीची काच फोडली, आत बसून तेच बटण दाबलं आणि गराज उघडून आतल्या सायकली आणि टूल्स नेले. घरची माणसं वर झोपलेली होती, त्यांना काही कळलंच नाही.

पुढच्या महिन्यात आईबाबा सहा महिन्यांसाठी पुण्याहून येतायत, दिवसभर दोघंच घरी असतील म्हणून मला जास्त काळजी वाटतेय. तर हे बटण वापरावं की नाही? आणि लोक म्हणतात की रेडिओ सिग्नल हॅक करून पण दार उघडतात, ते कितपत खरं आहे?

जर्सीकर

मृण्मयी, तुझ्या शेजाऱ्यांकडे झालं तोच प्रकार सगळ्यात जास्त होतो, कारण त्याला काही अक्कल लागत नाही, काच फोडता आली की झालं. तेव्हा आधी एक गोष्ट तपासून बघ. गाडी बंद कर, किल्ली घरात ठेव, नवऱ्याला गाडीत बसव, दारं लॉक कर आणि थोड्या वेळाने त्याला बटण दाबायला सांग. काही गाड्यांमधे इग्निशन चालू नसेल तर ही बटणं चालतच नाहीत आणि काहींमधे गाडी पूर्ण बंद असली तरी चालतात. कंपनी एकच असली तरी मॉडेल बदललं की फरक पडतो म्हणून मॅन्युअलवर किंवा डीलरच्या शब्दावर जाऊ नकोस, स्वतः करून बघ. बंद गाडीत चालत असेल आणि गाडी रोज बाहेरच राहणार असेल तर माझं सरळ मत, प्रोग्रॅम करू नको.

पण मग लोक काय करतात, तर जुना रिमोट सनव्हायजरला अडकवून ठेवतात, आणि ते याहून वाईट. होमलिंक निदान गाडीबरोबरच राहतं, रिमोट खिशात घालून नेता येतो आणि चार दिवसांनी घरी कोणी नसताना परत येता येतं. त्यात ग्लोव्हबॉक्समधे रजिस्ट्रेशनच्या कागदावर घरचा पत्ता छापलेला! म्हणजे गाडी मॉलच्या किंवा ट्रेन स्टेशनच्या पार्किंगमधे फोडली तरी चोराला कुठे जायचं ते कळलं, आणि तू तासाभरात घरी येणार नाहीयेस हेही कळलं. त्यापेक्षा किल्लीच्या जुडग्यात बसणारा छोटा रिमोट मिळतो तो घे, गाडीतून उतरलीस की तो तुझ्याबरोबर घरात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गराजमधून घरात येणारं जे दार असतं ते लॉक करता का तुम्ही? आपल्याकडे निम्म्याहून जास्त लोक करत नाहीत, मी ज्यांच्या ज्यांच्या घरी जातो तिथे बघतो. पुढच्या दाराला डेडबोल्ट (जाड दांड्याचं कुलूप), कॅमेरा, सगळं, आणि हे दार नुसतं ओढून घेतलेलं. इथल्या बिल्डिंग कोडप्रमाणे ते दार भरीव लाकडाचं किंवा २० मिनिटं आग थोपवणारं असावं लागतं, म्हणजे दणकट असतंच, फक्त कडी लावायची. त्याला डेडबोल्ट बसवा आणि दिवसा सुद्धा लावायची सवय करा, आईबाबा असतील तर नक्कीच.

खटपट्या

जर्सीकरांशी पूर्ण सहमत. हॅकिंगचं विचारलंय त्याचं सांगतो, माझं काम याच क्षेत्रातलं आहे.

जुन्या ओपनरमधे, म्हणजे दार उघडणाऱ्या मोटरमधे, फिक्स्ड कोड असायचा, रिमोटच्या आत छोटे डिप स्विच असतात ते वरखाली करून कोड ठरवायचा. १२ स्विच म्हणजे फक्त ४०९६ शक्यता. २०१५ मधे सॅमी कामकार या सिक्युरिटी रिसर्चरने मॅटेल कंपनीचं मुलांचं एक टेक्स्टिंगचं खेळणं घेऊन त्यात थोडी दुरुस्ती केली आणि असे कोड सगळे मिळून दहा सेकंदांच्या आत पाठवता येतात हे दाखवलं. युक्ती अशी की हे जुने रिसीव्हर एक कोड कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे बघतच नाहीत, त्यामुळे कोड एकमेकांत गुंफून एका लांब ओळीत पाठवले की काम होतं. तुझ्या रिमोटमधे डिप स्विच असतील तर बाकी काही विचार न करता ओपनर बदला.

नंतरच्यांमधे रोलिंग कोड असतो, बँकेच्या ओटीपीसारखा, एकदा वापरला की बाद. तोही चुकवता येतो, कामकारनेच त्याच वर्षी डेफकॉन या हॅकर लोकांच्या परिषदेत रोलजॅम नावाचं साधारण तीस डॉलरचं यंत्र दाखवलं. ते तुमचा सिग्नल जॅम करतं आणि त्याच वेळी रेकॉर्डही करतं, दार उघडलं नाही म्हणून तुम्ही परत बटण दाबता, तोही कोड ते पकडतं आणि पहिला सोडून देतं. तुमचं दार उघडतं, तुम्हाला शंका येत नाही, आणि दुसरा न वापरलेला कोड चोराकडे शिल्लक. ऐकायला भयंकर आहे पण त्यासाठी कोणीतरी तुमच्या घराजवळ यंत्र लावून वाट बघत बसायला हवं, आणि काच फोडायला दगड पुरतो. सायकली चोरणारा माणूस हे करत बसणार नाही, त्यामुळे रोलिंग कोड असेल तर रेडिओची काळजी यादीत सगळ्यात खाली टाका.

कुठला आहे ते कसं ओळखायचं: चेंबरलेन, लिफ्टमास्टर किंवा क्राफ्ट्समन असेल तर छताला टांगलेल्या मोटरवर नवे रिमोट जोडायचं लर्न बटण असतं त्याचा रंग बघ. पिवळं म्हणजे २०११ पासूनचं, उत्तम. जांभळं किंवा लाल-केशरी म्हणजे त्याआधीचं, पण रोलिंगच. हिरवं असेल तर नव्वदच्या दशकातलं, फिक्स्ड कोड, काढून टाका. आणि दाराच्या खाली जमिनीलगत दोन बाजूंना सेन्सर नसतील तर ओपनर १९९३ च्या आधीचा आहे, कारण तेव्हापासून ते कायद्याने सक्तीचे आहेत, दाराखाली लहान मुलं चिरडली जायची म्हणून.

गाडी सेकंडहँड आहे ना? मग आधीच्या मालकाच्या घराचा कोड अजून तिच्यात असू शकतो. बाहेरची दोन बटणं एकत्र दाबून धर, दहावीस सेकंदांत दिवा भराभर लुकलुकायला लागतो, मग सोडून दे, सगळं पुसलं जातं. होमलिंक एकाच कंपनीचं असल्यामुळे बहुतेक गाड्यांमधे हीच पद्धत आहे. उद्या ही गाडी विकाल तेव्हाही हे करायला विसरू नका, लोक गाडीतली गाणी आणि फोनबुक आठवणीने पुसतात आणि घराचं दार तसंच ठेवून गाडी देतात.

आणि घर आधी कोणाचं तरी असेल तर ओपनरची मेमरी पण पुसा. लर्न बटण साधारण सहा सेकंद दाबून धरायचं, त्याचा दिवा विझला की जुने सगळे रिमोट आणि कीपॅड बाद, मग आपले नव्याने जोडायचे.

निशिगंध

मला वाटतं सरसकट नको म्हणणं बरोबर नाही. गाडी रात्री गराजमधे जात असेल तर होमलिंक खूप सोयीचं आहे. टेस्लात तर घराजवळ आलं की दार आपोआप उघडायची सोय आहे, जीपीएसवर चालते ती. प्रश्न फक्त बाहेर राहणाऱ्या गाडीचा आहे.

आमच्याकडे वायफायवालं बसवलंय, फोनवरून उघडायचं, गाडीत काहीच नाही. मृण्मयीने तसं केलं तर?

खटपट्या

निशिगंध, चालेल, पण कंपनी बघून घ्या. २०२३ मधे नेक्स नावाच्या कंपनीच्या गराज कंट्रोलरमधे असं निघालं की सगळ्या ग्राहकांच्या यंत्रांना एकच पासवर्ड होता, म्हणजे जगात कुठेही बसून दुसऱ्याचं गराज उघडता येत होतं. अमेरिकन सरकारच्या सीसा या सायबर सुरक्षेच्या संस्थेने त्यावर जाहीर इशारा दिला, कंपनीने रिसर्चरला आणि सीसाला उत्तर सुद्धा दिलं नाही. गाडीतल्या बटणासाठी चोराला निदान तुमच्या ड्राइव्हवेत तरी यावं लागतं. वायफायचं घ्यायचं तर अपडेट देणाऱ्या कंपनीचं, पासवर्ड वेगळा, टू-फॅक्टर चालू, आणि दार उघडलं की फोनवर सूचना येईल असं सेटिंग.

वासंती_फ्रीमाँट

मृण्मयी, तुझे आईबाबा येणार आहेत म्हणून मुद्दाम लिहितेय. मोटरला जी लाल दोरी लोंबत असते, वीज गेली तर दार हाताने उघडायची, ती बाहेरून तारेचा हुक घालून ओढता येते, म्हणून काही लोक ती कापून टाकतात. कृपा करून तसं करू नकोस. २०१७ च्या वणव्यांत आमच्या कॅलिफोर्नियात वीज गेल्यावर वयस्कर लोकांना गराजचं दार उघडता आलं नाही, गाडी आत आणि माणूसही आत, काही जण त्यात गेले. त्यानंतर कायदा झाला आणि जुलै २०१९ पासून इथे नवीन ओपनरला बॅटरी बॅकअप सक्तीचा आहे. टेक्सासमधे २०२१ च्या फेब्रुवारीत वीज किती दिवस नव्हती ते तुम्हाला माहीतच आहे. दाराच्या वरच्या बाजूने तार आत जाऊ नये अशी आडवी पट्टी मिळते ती लाव, आणि आईबाबा आले की पहिल्याच आठवड्यात बाबांना ती दोरी ओढून, दार हाताने वर करून दाखव. स्प्रिंग नीट असेल तर वजन लागत नाही.

गराजच्या दाराला काचा असतील तर त्यांना धुरकट फिल्म लाव, बाहेरून दोरीही दिसत नाही आणि आत गाडी आहे की नाही तेही कळत नाही.

मृण्मयी_फ्रिस्को

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आज संध्याकाळी तपासलं. गाडी बंद, लॉक केलेली, किल्ली घरात, तरी आरशाखालचे दिवे लागले, म्हणजे बटणं चालू राहतात. पहिल्या बटणावर कोणाचा तरी कोड होता असं दिसलं, तिन्ही पुसली आणि परत काही भरलं नाही. लर्न बटण जांभळं आहे. आतल्या दाराला डेडबोल्ट शनिवारी बसेल. वासंतीकाकू, पट्टी आणि फिल्म दोन्ही मागवलं.

एकच राहिलं, रात्री आम्ही झोपल्यावर रिमोट चालूच नयेत असं करता येतं का? नवऱ्याच्या गाडीत होमलिंक आहे आणि तीही कधीकधी बाहेर असते.

जर्सीकर

येतं. गराजच्या आत भिंतीवर जे पॅनल आहे त्यावर लॉक बटण असेल तर ते दाबून धर, रिमोट आणि होमलिंक दोन्ही बंद होतात, भिंतीवरचं बटण मात्र चालतं, त्यामुळे आतून अडकायची भीती नाही. भारतात जाताना पण तेच लावून जा. फक्त दाराला हाताने सरकवायची लोखंडी कडी असेल तर ती लावण्याआधी मोटरचा प्लग काढ, नाहीतर कोणी चुकून बटण दाबलं तर मोटर ओढत राहते आणि दाराचा पत्रा वाकतो. नुसतं साधं एका बटणाचं पॅनल असेल तर बदलून मिळतं, तुझ्या जांभळ्या लर्न बटणाला चालणारं आहे का तेवढं बघून घे.