‘दरोडा’, ‘जबरी चोरी’ आणि ‘बंड’

‘दरोडा’ म्हणजे शस्त्राच्या धाकाने केलेली मोठी लूट, असा अर्थ आपण सहज धरतो. परंतु इंग्रजी अमदानीत १८६० साली जी दंड संहिता झाली आणि २०२४ पर्यंत लागू होती, तिने या गुन्ह्याची सीमा लुटीच्या रकमेवरून किंवा हत्यारावरून नव्हे, तर माणसांच्या संख्येवरून आखली. मारहाण करून किंवा तत्काळ इजेची भीती घालून केलेली चोरी ही तिच्या कलम ३९० प्रमाणे जबरी चोरी होती. तीच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली, किंवा करण्याचा नुसता प्रयत्न केला, तरी कलम ३९१ प्रमाणे तो दरोडा ठरे. हजर राहून मदत करणाराही या पाचांत मोजला जातो. म्हणून चौघांनी बंदुका रोखून पेढी लुटली, तर बातमीत दरोडा पडतो, पण खटला जबरी चोरीचा चालतो.

टोळीचे भय या कायद्यात सर्वत्र दिसते. दरोड्याची तयारी करणे आणि त्यासाठी जमणे हेही गुन्हे ठरलेच, शिवाय दरोडेखोरांच्या टोळीत असणे एवढ्यावरून कलम ४०० खाली जन्मठेप काळे पाणी होऊ शकत असे. ही कल्पना ठगांविरुद्धच्या १८३६ च्या कायद्यातून आली आणि १८४३ मध्ये दरोडेखोरांना लागू झाली. ‘माफीचा साक्षीदार’ हा आज रूढ असलेला शब्दही अशाच खटल्यांची आठवण देतो, कारण टोळीतलाच कोणी फुटल्याशिवाय बाकीच्यांवरचा आरोप शाबीत होणे कठीण असे.

आता ‘बंड’. वासुदेव बळवंत फडके यांनी फेब्रुवारी १८७९ मध्ये पुणे जिल्ह्यातील धामारी गावावर घातलेला छापा हा कलमाच्या भाषेत दरोडाच होता, मात्र लुटीचा पैसा सैन्य उभारण्यासाठी हवा होता. पुण्यातील खटल्यात सरकारने दरोड्याबरोबर राज्याविरुद्ध युद्धाचाही आरोप ठेवला, म्हणजे सरकारने स्वतःच त्याला बंड मानले. सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, फडक्यांचे वकीलपत्र घेतले. शिक्षा जन्मठेपेची झाली आणि १८८३ मध्ये एडन येथे फडके वारले. ‘दरोडेखोर’ आणि ‘बंडखोर’ या दोन्ही शब्दांना ‘खोर’ हा एकच फारसी प्रत्यय लागतो, तरी ‘फडक्यांनी दरोडे घातले’ एवढेच वाक्य लिहून थांबणे मला अन्यायाचे वाटते. ‘बंडासाठी दरोडे घातले’ असे लिहावे.