असिसी आणि रिएतीचे फ्रान्सिस्कन मठ: आईला घेऊन जायचंय, कुठले निवडू?

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. मे महिन्याच्या शेवटी आईला घेऊन इटलीला चाललोय. बहीण रोममध्ये नोकरीला आहे, मुक्काम तिच्याकडेच. आई माळकरी. तिनं कुठंतरी असिसीच्या संत फ्रान्सिसबद्दल वाचलं. बापाची कापडाची पेढी सोडून, अंगावरचे कपडेसुद्धा त्याला परत करून बाहेर पडलेला, सूर्याला भाऊ नि चंद्राला बहीण म्हणणारा माणूस. तेव्हापासून "मला त्याचं गाव बघायचंय" एवढं एकच चाललंय.

टूरवाले असिसीत दोन-तीन तास थांबवतात, मोठी बॅसिलिका दाखवतात, परत बस. मला तिला डोंगरातले लहान मठ दाखवायचेत, जिथं तो खरोखर राहिला. सगळे होणार नाहीत, मग कुठले घेऊ? जोतिबाच्या पायऱ्या ती सावकाश चढते, त्यामुळं थोडं चालणं चालेल. पक्की शाकाहारी आहे. आणि आपण ख्रिश्चन नाही, तर आत सोडतात का?

रंकाळ्याकाठी

एवढ्या लांब जायच्या आधी जुन्या गोव्याला एक चक्कर मारून या की. सकाळी निघालं की दुपारी पोचता. फ्रान्सिस संतांचं शव तिथंच बॉम जेझूस चर्चमध्ये आहे.

ताराबाईपार्क_काकू

रंकाळ्याकाठी, ते वेगळे हो. बॉम जेझूसमध्ये आहेत ते फ्रान्सिस झेवियर, जेझुइट नावाच्या दुसऱ्या संघातले, सोळाव्या शतकातले. हे असिसीचे फ्रान्सिस त्यांच्या तीनशे वर्षं आधीचे. पण तुमची सूचना चांगलीच आहे. बॉम जेझूसहून रस्ता ओलांडलात की से कॅथेड्रलच्या शेजारी असिसीच्या फ्रान्सिसच्या नावाचं चर्च आहे, आणि त्याच्या मठात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. आईंना ते जरूर दाखवा.

मंगळवारपेठकर, आईंचं वाचून फार बरं वाटलं. मी आणि आमचे हे जाऊन आलोय. मला विचाराल तर असिसीत मुक्काम करा, रोमहून जाऊन-येऊन करू नका. दिवसभर बसगाड्यांची गर्दी असते. संध्याकाळी त्या गेल्या की गाव मोकळं होतं आणि तेव्हा कुठं त्या दगडी गल्ल्यांतून निवांत चालता येतं.

रेल्वे स्टेशन गावात नाही, खाली सांता मारिया देल्यी आंजेलीला आहे. तिथून वर बस जाते, पण बॅगा घेऊन लगेच वर पळू नका. तिथल्या भल्यामोठ्या बॅसिलिकेच्या पोटात पोर्त्सिउंकोला नावाची इवलीशी दगडी चॅपेल आहे. फ्रान्सिसनं ती स्वतःच्या हातानं डागडुजी करून उभी केली, आणि ३ ऑक्टोबर १२२६ च्या संध्याकाळी तिच्या शेजारीच, उघड्या जमिनीवर झोपवायला सांगून, प्राण सोडला. २०२६ हे त्याचं आठशेवं वर्ष, त्यामुळं गर्दीची तयारी ठेवा.

गावाच्या खाली सान दामियानो आहे. ऑलिव्हच्या बागांतून उतरत जायचं, वीसेक मिनिटं. येताना चढ लागतो, तो सावकाश घ्या. फ्रान्सिसची शिष्या संत क्लारा आणि तिच्या संघातल्या नन इथं राहायच्या. ती १२५३ साली इथंच गेली. आतली जेवणाची खोली नीट बघा. ठेंगणी, अंधारी, भिंतीला लागून जुनी लाकडी टेबलं, आणि क्लारा जिथं बसायची तिथं फुलं ठेवलेली असतात. याच आवारात १२२५ मध्ये, डोळे जवळजवळ गेलेले असताना, फ्रान्सिसनं ते सूर्यभावाचं, चंद्रबहिणीचं स्तोत्र रचलं. दुखणं एवढं की उजेडही सहन होत नव्हता, आणि तोंडी सूर्याची स्तुती. तुमच्या आईंना हे तिथं बसूनच सांगा.

एकच ठिकाण करता येणार असेल तर मात्र मी एरेमो देल्ले कार्चेरी म्हणेन. असिसीच्या वर सुबासिओ डोंगरात, साधारण ४ किलोमीटर. कापुचिनी दरवाज्यापासून चढणीचा रस्ता आहे, नाहीतर वर टॅक्सीनं जा आणि उतरताना चाला. आत शिरलं की दगडी अंगण, मध्ये विहीर, पलीकडं सरळ दरी. तिथून जिना खाली फ्रान्सिसच्या गुहेकडं जातो. जिना इतका अरुंद की खांदे भिंतींना घासतात, आणि दरवाजे इतके बुटके की कितीही मोठा माणूस असो, पुरता वाकल्याशिवाय आत जात नाही. आत झोपायला नुसता खडक. बाहेर एक जुनाट ओक आहे, लोखंडी टेकूंवर तोललेला. फ्रान्सिसनं पाखरांना उपदेश केला तो याच्याखाली, असं सांगतात. त्याच्या पुढं रानातून पायवाटा जातात, फ्रान्सिसचे सोबती ज्या कपारींत राहायचे तिकडं. बहुतेक लोक गुहा बघून परततात. तुम्ही त्या वाटेनं जा, आणि आई म्हणतील तेवढा वेळ बसा.

यानंतर दोन रस्ते फुटतात. एक वर तोस्कानातला ला वेर्ना. १२२४ मध्ये फ्रान्सिसच्या अंगावर, येशूला क्रूसावर झाल्या तशा जखमा उमटल्या तो डोंगर. मठ ११२८ मीटर उंचीवर, मेमध्येही गारठा असतो. रोज दुपारी ३ वाजता तिथले बंधू, म्हणजे फ्रान्सिसच्या संघातले साधू, त्या जखमांच्या चॅपेलपर्यंत मिरवणुकीनं जातात. जागा जबरदस्त आहे, पण अरेत्सोपर्यंत रेल्वे, मग बिब्बिएना, मग बस, अशी कसरत होते.

दुसरा रस्ता रिएतीच्या खोऱ्याचा, आणि आईंसोबत मी तोच घेईन. रोमहून अंदाजे ८० किलोमीटर. खोऱ्याच्या कडेला चार मठ आहेत: ग्रेच्चो, फोंते कोलोम्बो, ला फोरेस्ता आणि पोज्जो बुस्तोने. बहिणीकडं गाडी असेल तर उत्तमच, एसटीसारखं दर तासाला काही मिळत नाही, रविवारी तर फारच तुरळक. ग्रेच्चोचा मठ कड्याला चिकटून उभा आहे. १२२३ च्या नाताळात फ्रान्सिसनं तिथं गव्हाणीत गवत पसरून, खरा बैल आणि गाढव आणून बेथलेहेम उभं केलं. आज आपल्याकडंही नाताळात जी गव्हाण मांडतात, तिचं मूळ तिथं दाखवतात. फोंते कोलोम्बोला त्यानं संघाची नियमावली लिहिली, तीच १२२३ मध्ये पोपनं मंजूर केली. त्याचे डोळे बरे व्हावेत म्हणून तापलेल्या लोखंडानं कानशिलाजवळ डाग दिला तोही तिथंच. डाग देण्याआधी तो विस्तवाला "भाऊ" म्हणून विनवत होता, माझ्याशी सांभाळून वाग म्हणून. मला त्या खोलीत उभं राहवेना, बाहेर रानात जाऊन बसले.

पोज्जो बुस्तोनेला वरच्या गुहेपर्यंत चढ खडा आहे, तो सोडा. खालचा मठ पुरे.

आत सगळ्यांना सोडतात, कुणी धर्म विचारत नाही. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, साडीला तर प्रश्नच नाही. दुपारी बारा-साडेबारापासून तीनपर्यंत बरेच मठ बंद असतात, त्यामुळं सकाळी लवकर निघा.

जेवणाचं म्हणाल तर तोर्ता आल तेस्तो मागा. तव्यासारख्या जाड तबकडीवर भाजलेली चपटी रोटी, आपली भाकरीच म्हणा, आत पालेभाजी किंवा चीज. पण पिठात कुठंकुठं डुकराची चरबी घालतात, तेव्हा मागवायच्या आधी "सेन्त्सा स्त्रुत्तो?" (चरबीशिवाय आहे ना?) असं विचाराच. डाळीचं सूपही छान मिळतं, फक्त त्यात मांस नाही ना ते विचारून घ्या.

मंगळवारपेठकर

काकू, किती मनापासून लिहिलंत! आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोनच प्रश्न. तिच्या गळ्यात तुळशीची माळ असते, कुणाला खटकणार नाही ना? आणि मिस्सा (चर्चमधली सामुदायिक उपासना) चालू असेल तर आत बसायचं की बाहेर थांबायचं?

ताराबाईपार्क_काकू

माळ बिनधास्त असू दे. तिथल्या बंधूंच्या कमरेलाही तीन गाठींची दोरी असते: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. आईंना त्याचं अप्रूप वाटेल, दाखवा त्यांना.

मिस्सा चालू असेल तर मागच्या बाकावर खुशाल बसा. सगळे उठले की उठा, बसले की बसा. शेवटी लोक रांगेनं प्रसाद घ्यायला पुढं जातात, तो फक्त कॅथलिकांसाठी असतो, तेव्हा आपण जागेवरच थांबायचं. आईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रसाद नाकारल्यासारखं वाटेल त्यांना.

असिसीतल्या राहण्याचं मात्र आजच बघा. नन लोकांची अतिथिगृहं आहेत, स्वच्छ आणि हॉटेलपेक्षा स्वस्त, पण रात्री दार लवकर बंद करतात, ती वेळ बुकिंग करतानाच विचारा. आणि तळमजल्याची खोली मागा, बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्ट नाही.