‘पाठीचे वजन २२ किलो’: शेळीची पाठ की पाट?

डिचोलीची दुभाषी
गोव्यातल्या सत्तरी आणि सांगे तालुक्यांतल्या शेळीपालकांसाठी चार पानांचं पत्रक इंग्रजीतून मराठीत आणायचं काम चालू आहे. एका परिच्छेदावर गाडी अडली आहे. मजकूर असा: “पाठीला माजाच्या आधी तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम खुराक द्यावा. पाठीचे वजन २२ किलो होईपर्यंत तिला भरवू नये.” कच्चा मसुदा वाळपईला वाचून दाखवला, तेव्हा पहिल्या वाक्यावर प्रश्न आला की खुराक पाठीला कसा द्यायचा. दुसऱ्या वाक्याचा अर्थ ‘बोकड दाखवू नका’ असा आहे, पण काहींनी तो ‘२२ किलो होईपर्यंत खायला घालू नका’ असा लावला. मसुदा तपासणाऱ्याने ‘पाठ’ चूक ठरवून सगळीकडे ‘पाट’ केलं. आता छापील प्रतीत ‘पाटीचे वजन’ येतंय, म्हणजे डोक्यावरच्या पाटीचं. पाठ की पाट? आणि छापायचं काय?

वाड्यावरचा
पाठ. ट नव्हे, शरीराच्या ‘पाठी’तलाच ठ. दूध सुटलेल्या मादी करडापासून पहिलं वेत (बाळंतपण) होईपर्यंतची ती पाठ. गाईची कालवड, म्हशीची वगार, तशी शेळीची पाठ. अनेकवचन पाठी. “चार शेळ्या, दोन पाठी आणि एक बोकड” असाच हिशेब सांगतात. व्याली की त्या दिवसापासून शेळी. एकदा गाभडली आणि पूर्ण दिवसांचं वेत झालं नाही, तर तिला पाठच म्हणत राहतात.

घोटाळा व्याकरणाचा आहे. शरीराची पाठ स्त्रीलिंगी, ही पाठही स्त्रीलिंगी, आणि विभक्ती लागली की दोन्हींचं ‘पाठीला, पाठीचे’ होतं. बोलताना समोर जनावर उभं असतं म्हणून अडत नाही. कागदावर जनावर नसतं.

बांदा-पेडणे
वाड्यावरचे म्हणतात ते देशावरचं. बांद्यापासून पेडण्यापर्यंत कान देऊन ऐका, ‘पाट’च ऐकू येईल. शेतीविषयक छापील मजकुरातही दोन्ही रूपं सापडतात, तेव्हा तपासणाऱ्याला सरळ चूक म्हणू नका.

वाड्यावरचा
ऐकू येतं ते कबूल. शब्दाच्या शेवटचा ठ बोलण्यात ट होतोच. ‘पाठ दुखते’ हेही भरभर बोलणाऱ्याच्या तोंडी ‘पाट दुखते’ होतं, म्हणून आपण तसं लिहीत नाही. मूळ ठ असल्याचा पुरावा शेजारी आहे. हिंदीत न व्यालेल्या शेळीला पठिया किंवा पाठी म्हणतात, आणि जवान जनावराला पट्ठा. आपला पठ्ठ्या त्याच घरातला. भरात आलेलं, अंगाने भरलेलं तरुण जनावर हा मूळ भाव. म्हणूनच दूध पिणाऱ्या करडाला कुणी पाठ म्हणत नाही. शब्दातच वाढ आहे.

निर्मळ मराठी
पठ्ठ्याची व्युत्पत्ती राहू द्या. ज्या शब्दाने वाचक फसतो तो पत्रकात नको. ‘अप्रसूत शेळी’ लिहा, कुठेही अर्थ ढळत नाही. ‘खुराक’ फारसी आहे, ‘पूरक आहार’ म्हणा. ‘भरवणे’ऐवजी ‘संयोग घडवणे’. शासकीय मराठी तरी स्वच्छ असावी.

वाड्यावरचा
‘अप्रसूत’ वाचून वांझ शेळी समजतील, मग नवा घोटाळा. आणि खुराक म्हटलं की पेंड, भुसा, भरड धान्य डोळ्यांपुढे येतं. ‘पूरक आहार’ म्हटलं की काय येतं? माणसांची गोळी. तीनशे वर्षं रुळलेल्या शब्दाला परका म्हणून हाकलायचं, तर शेळीच्या वाड्यातलं निम्मं सामान बाहेर जाईल.

जनावरांचा डॉक्टर
शब्दाआधी त्या वाक्यातली माहिती दुरुस्त करा, कारण ती चुकली तर बरोबर शब्दाने चुकीचं काम होईल.

२२ किलो हा आकडा सगळ्या शेळ्यांना लागू नाही. नियम असा: पाठीचं वजन तिच्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या शेळीच्या साधारण दोन तृतीयांश झालं की पहिल्यांदा बोकड दाखवावा. पूर्ण वाढलेली शेळी ३२-३३ किलोची असेल, उस्मानाबादीसारखी, तर २२ बरोबर. सत्तरीच्या रानात चरणारी गावठी शेळी २४ किलोवर थांबत असेल तर १६ पुरे. २२ ची वाट बघत राहिलात तर ती कधीच येणार नाही आणि वर्ष फुकट जाईल. आणि वजन भरण्याआधी लावली, तर कटीचं हाड पुरतं रुंदावलेलं नसतं, करडू अडतं, जगलं तर अशक्त निघतं, आणि आईची वाढ तिथेच खुंटते. दूध कमी म्हणून पहिली दोन करडं जातात, ती याच घाईने.

ताणकाटा नसला तर फीत चालते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, उत्तर किलोत. घेर २५, लांबी २२ असेल तर १३,७५० भागिले ६६०, म्हणजे २१ च्या जरा खाली. सकाळी चरायला सोडण्याआधी मोजा. फीत केसांवरून सैल धरली की एका इंचाच्या फरकाने दीड-दोन किलोची चूक येते, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा घ्या.

तो तीन आठवड्यांचा खुराक मात्र बरोबर आहे. माजाआधी अंगावर चढ असलेली शेळी जास्त बीजं सोडते, जुळी होण्याची शक्यता वाढते. एकदम पाव किलोने सुरू करू नका. ५० ग्रॅमपासून आठवडाभरात चढवा, नाहीतर पोट आंबून शेळी चारा सोडते.

डिचोलीची दुभाषी
डॉक्टर, हे फार उपयोगी. दोन तृतीयांशचा नियम घालते. पण ‘भरवणे’ बदलायचं तर काय?

जनावरांचा डॉक्टर
‘बोकड दाखवणे’ किंवा ‘बोकड लावणे’. ‘फळवणे’ गाईला जास्त शोभतं. तुमच्या परिच्छेदात आधीच्या वाक्यात खायला घालणं आहे, त्याला लागून ‘भरवणे’ आलं म्हणून वाचक घसरले, त्यांचा दोष नाही. सोबत वेळही लिहा: माज सुरू झाल्यापासून १२ तासांनी एकदा आणि पुढच्या १२ तासांनी दुसऱ्यांदा. माज २४ ते ४८ तास टिकतो. गाभण नाही राहिली तर १८ ते २१ दिवसांनी परत माजावर येते. राहिली तर १५० दिवस, पाच दिवस पुढेमागे.

कुळागर
एक बाजू कुणी बघितली नाही. गोव्यात घरात कोंकणी बोलणाऱ्याच्या तोंडी शरीराची पाठ ही ‘फाट’ असते. त्याला ‘पाठीचे वजन’ ऐकून फाट आठवायचं कारण नाही. घोटाळा झाला तो शाळेत मराठी शिकलेल्यांचा. उलट ‘पाट’ लिहिलंत तर इथे प्रत्येकाला कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पाणी नेणारा पाट आठवेल, किंवा बसायचा पाट. तपासणाऱ्याच्या दुरुस्तीने अडचण दुप्पट झाली.

आणि मुळात इथे शेळीइतकंच ‘बोकडी’ चालतं. ‘न व्यालेली बोकडी’ का नको?

निर्मळ मराठी
मराठी पत्रकात कोंकणी शब्द कशासाठी? १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली, मराठीला सरकारी कामकाजात स्थान मिळालं, ते दोन वेगळ्या भाषा म्हणूनच. मग प्रत्येकीने आपलं रूप सांभाळावं. आज बोकडी, उद्या बकरी.

कुळागर
बकरी परकी आहे हे कुणी सांगितलं? संस्कृतात बर्कर आहे, प्राकृतात बक्कर. बोकडाचंही प्राकृत बोक्कड सापडतं. शेळी छेलीतून आली. तिन्ही नावं सारखीच जुनी. बोकडाला ई लावून बोकडी केली, ती मराठी कानाला कळणार नाही असं कसं? पत्रक सांग्यातल्या माणसाच्या हातात जायचं आहे, शब्दकोशाच्या नाही.

काणकोणकर
पत्रकात ‘कोकरू’ हा शब्द आहे का ते आधी पाहा. असला तर खोडा. शेळीचं करडू, मेंढीचं कोकरू. गोव्यात मेंढ्या पाळतच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे इथल्या मराठीत दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले आहेत. मुलांच्या गोष्टींतही शेळीच्या मागे कोकरू धावतं.

बांदा-पेडणे
गोष्टींचं निघालंच आहे म्हणून. तीन ठगांची गोष्ट बहुतेक मराठी पुस्तकांत ‘ब्राह्मण आणि शेळी’ म्हणून छापतात. पंचतंत्रात ती तिसऱ्या तंत्रात आहे आणि तिथे छाग आहे, यज्ञासाठी नेलेला. म्हणजे बोकड. बळी नराचा. शेळी लिहिलं की गोष्टीचा पायाच जातो, कारण दुभती शेळी खांद्यावर घेऊन जाणारा ब्राह्मण तिला टाकून देईल हे पटतच नाही.

काणकोणकर
पटलं. आणि म्हणीत मात्र शेळीच हवी: ‘शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड’. वातड का, ते दातांवर कळतं. वर्षापर्यंत सगळे दुधाचे दात, मग दोनदाती, दोन वर्षांच्या सुमारास चारदाती, पुढे सहादाती, साडेतीन-चारला आठही आले की जुळलेली. खाटकाकडे जाते ती बहुधा जुळलेली, वेतं संपलेली जून शेळी. तिचं मांस वातडच लागणार. कोवळ्या बोकडाला ती म्हण बसत नाही.

वाड्यावरचा
दातांवरून एक विचारतो. काही जण दोनदाती झाली की तिला पाठ म्हणणं सोडतात, व्यालेली असो वा नसो. काणकोणात काय चालतं?

काणकोणकर
इकडे वेतावर मोजतात, दातांवर विकतात.

कुळागर
‘अजागळ’ हा शब्दसुद्धा शेळीचाच. अजागलस्तन, शेळीच्या गळ्याखाली लोंबणारे दोन सड. त्यांत दूध नसतं, म्हणून निरुपयोगी गोष्टीला संस्कृतात अजागलस्तनाची उपमा. तिथून निरुपयोगी माणूस, तिथून गबाळा.

निर्मळ मराठी
ओढून आणलेलं वाटतं. निरुपयोगी आणि गबाळा यांत बरंच अंतर आहे. पिळूनही दूध न देणारा सड हा फसवा असतो, गबाळा नसतो. मधल्या अर्थाचा एखादा जुना वापर दाखवलात तर मान्य करीन.

कुळागर
‘काही कामाचा नाही तो अजागळ’ हा मधला अर्थ आजही बोलण्यात आहे. वेगळा पुरावा कशाला?

जनावरांचा डॉक्टर
ते लोंबते सड आनुवंशिक असतात, आई-बापांपैकी एकाला असले तरी करडांत उतरतात. गोचिडी मात्र तिथेच दडतात, तपासताना विसरू नका.

दुभाषीताई, पत्रकात पावसाळ्याच्या रोगांत ‘मावा’ लिहिला आहे का? लिहिला असेल तर पुढे ‘ओठांवरचा’ हा शब्द जोडा. बागायतदार मावा म्हटलं की पिकावरची कीड समजतो आणि फवारणीकडे वळतो. शेळीचा मावा विषाणूचा: ओठांच्या कडेला आणि नाकपुडीजवळ पुळ्या, मग जाड खपल्या. करडू दूध ओढू शकत नाही, आणि आईच्या सडांनाही तो लागतो. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुऊन बोरोग्लिसरीन लावायचं, खपली ओढून काढायची नाही. तीन-चार आठवड्यांत बरा होतो. माणसाच्या हाताला लागतो, म्हणून हातमोजे घाला. पडलेल्या खपल्या वाड्यात राहिल्या तर पुढच्या वर्षी तोच रोग परत, म्हणून त्या वेचून जाळा.

‘बुळकांडी’ही जपून वापरा. गुरांची बुळकांडी २०११ साली जगातून संपल्याचं जाहीर झालं, त्यामुळे ‘बुळकांडीची लस’ वाचून जुने जाणते म्हणतात, ती तर गेली. शेळ्यांची बुळकांडी म्हणजे पीपीआर, ती आहे. लस तीन-चार महिन्यांच्या वयानंतर, पुन्हा तीन वर्षांनी. आंत्रविषाराची लस पावसाआधी.

बांदा-पेडणे
पावसाचं निघालं तर वाड्याबद्दलही लिहा. इथे वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस, जमिनीवर बांधलेल्या शेळीचे खूर कुजतात आणि लेंड्यांतून जंत पुन्हा पोटात जातात. जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर फळ्यांचा माचा हवा. फटी बोटभर, लेंडी खाली पडेल पण खूर अडकणार नाही इतक्याच. करडांना त्याहून अरुंद. मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट जागा धरा. माच्यालाही शब्द विचारू नका, माचाच लिहा.

डिचोलीची दुभाषी
माचा लिहिला आहे. ‘ओठांवरचा मावा’ आणि ‘शेळ्यांची बुळकांडी (पीपीआर)’ केलं. परिच्छेद सध्या असा उभा आहे: “पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी (बोकडी), हिला माजाआधी तीन आठवडे खुराक द्यावा. आपल्याकडच्या पूर्ण वाढलेल्या शेळीच्या दोन तृतीयांश वजन झाल्याशिवाय या पाठीला बोकड दाखवू नये.” तपासणाऱ्याने ‘पाठीला’खाली पुन्हा रेघ मारून ‘पाटीला?’ असं लिहिलं आहे.

वाड्यावरचा
‘पाठीला’ टाळा. ‘पाठ’ एकदाच प्रथमेत ठेवा, पुढे ‘तिला’.

निर्मळ मराठी
आणि कंसातली बोकडी काढा.

कुळागर
बोकडी राहू द्या. ती काढलीत तर सांग्यातल्या नेत्रावळीत अर्धी पानं वाचली जाणार नाहीत. आणि वाड्यावरच्यांना विचारते: नर करडाला पाठीसारखा वेगळा शब्द आहे का, की तो जन्मापासून बोकडच?

वाड्यावरचा
दूध तुटेपर्यंत करडू, मग बोकड. मांसासाठी ठेवायचा तो दोन-तीन महिन्यांचा असतानाच खच्ची करतात, म्हणजे शिंगांमागच्या ग्रंथींचा उग्र वास मांसाला लागत नाही. चिमटा वृषणाच्या पिशवीच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या उंचीवर दाबायचा. एका रेषेत दाबला तर पिशवीचा रक्तपुरवठाच तुटतो आणि ती सडते. ‘खच्ची’ऐवजी ‘बडवलेला’ही म्हणतात, पण ते बैलाला जास्त. तुमच्याकडे काय म्हणतात?