मदत हवी आहे: ओरोमो संघर्ष समजून घ्यायचाय

नमस्कार मंडळी. अभ्यासगटात इथिओपियातल्या ओरोमो या सर्वांत मोठ्या वांशिक गटाच्या संघर्षावर बोलायचंय आणि एका ठिकाणी अडलोय. १९७३ मध्ये ओरोमो मुक्ती आघाडी निघाली, १९९१ मध्ये देर्ग ही लष्करी राजवट कोसळल्यावर हंगामी सरकारात आली, १९९२ मध्ये बाहेर पडली, इथवर ठीक. पण २०१८ मध्ये आबी अहमद पंतप्रधान झाले, त्यांचे वडील ओरोमो, आघाडीशी समझोताही झाला. तरी तिची सशस्त्र शाखा फुटून पश्चिमेकडे वोलेगात लढत राहिली. का? शस्त्रं खाली ठेवण्याच्या अटींवरून बिनसलं म्हणतात; मला ते अर्धंच कारण वाटतं. जमिनीचा प्रश्न, राजधानी अदिस अबाबाचं आजूबाजूच्या शेतांवर पसरणं (२०१४ ची आंदोलनं त्यावरूनच पेटली), २०२० मध्ये ओरोमो गायक हाचालू हुंडेसाची हत्या, हे सगळं कसं जोडायचं? २०२३ मध्ये टांझानियात सरकार आणि या शाखेची दोनदा बोलणी झाली, दोन्ही फिसकटली.

पूर्वी बरेच भारतीय शिक्षक इथिओपियात नोकरीला होते. कुणाच्या घरात त्या काळच्या आठवणी, पत्रं असतील तर जरूर कळवा. वोलेगातल्या अम्हारा (तिथला दुसरा मोठा वांशिक गट) वस्त्यांवरच्या हल्ल्यांबद्दल एकतर्फी नसलेलं काही वाचलं असेल तर तेही. फक्त कृपा करून व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नकोत.