अकरा-अकराची घाई नको

फुटबॉलमध्ये दहा वर्षांच्या मुलांना आत्तापासूनच अकरा-अकराच्या, म्हणजे मोठ्यांसारख्या पूर्ण संघाच्या सामन्यांची सवय लावा, हे मत मला अजिबात पटत नाही. एवढ्या मोठ्या मैदानावर बॉल त्यांच्या वाट्याला येतो तरी किती वेळा? सात-सात जणांत खेळताना तोच मुलगा सारखा बॉलपाशी असतो, पास द्यायचा की ड्रिबल करायचं (बॉल पायाने ढकलत स्वतःच पुढे न्यायचा) हे त्याचं त्यालाच ठरवावं लागतं. बॉल पायात यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघणं, पहिल्याच टचला तो मोकळ्या बाजूला घेणं... हे चौदाव्या वर्षी नव्याने शिकवणं फार अवघड जातं. (आणि बॉल 4 नंबरचाच द्या, 5 नंबरचा त्या पायांना जड होतो.) मोठ्या मैदानावर दांडग्या मुलांच्या जोरावर आज सामने जिंकता येतात, पण बाकीची मुलं वाढली की ती आघाडी संपते. तोवर बेंचवर बसवलेलं लहानखुरं, चपळ पोर खेळ सोडून गेलेलं असतं. त्याचंच मला फार वाईट वाटतं.