मदत हवी आहे: बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये साडी चालते का?

पुढच्या महिन्यात आईला (वय 68) घेऊन बँकॉकला जातोय, हाताशी दोनच दिवस. ग्रँड पॅलेस, वाट फो (तिथे ‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) आणि होडीने नदीपलीकडे वाट अरुण, एवढंच ठरवलंय. वाट अरुणच्या उभ्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांमुळे सोडल्यात.

खांदे-गुडघे झाकलेले हवेत, बुद्धमूर्तीकडे पाय करून बसायचं नाही, हे वाचलंय. पण आई साडीच नेसते. कंबर उघडी दिसते म्हणून दारात अडवतील का? वरून शाल पुरेल? (पंजाबी ड्रेसचा विषय काढून पाहिला. दोन दिवस अबोला!)

शिवाय साधू दिसला की पाया पडायची तिची सवय. तिथे भिक्खूंना बाईने स्पर्श करायचा नसतो. मग दान द्यायचं झालं तर तिने नेमकं कसं द्यायचं?